अनंत फंदी यांची शाहिरी : फड, कीर्तन आणि फटका यांतील सलगता

प्रस्तावना

मराठी शाहिरी वाङ्मयाचा इतिहास लिहिताना पेशवाईच्या उत्तरकाळातील सहा-सात शाहिरांची नावे प्रामुख्याने घेतली जातात. राम जोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, परशराम, सगनभाऊ आणि प्रभाकर ही ती नावे होत. यांपैकी अनंत फंदी (१७४४–१८१९) हे संगमनेरचे. त्यांच्या नावावर लावण्या, पोवाडे, कटाव, फटके आणि ओवीबद्ध ग्रंथ अशी विविध प्रकारची रचना आहे. तथापि सर्वसामान्य मराठी वाचकाला ते आठवतात ते एका उपदेशपर फटक्यामुळे. शालेय पाठ्यपुस्तकांतून हा फटका पिढ्यान्पिढ्या मराठी मुलांच्या मुखी बसला. त्यामुळे ‘सरळ मार्गाने चाला’ असे सांगणारे उपदेशक कवी अशी त्यांची प्रतिमा रूढ झाली.

या प्रतिमेला पूरक ठरणारी एक कथाही परंपरेने जपली आहे. अनंत फंदी प्रथम तमाशाच्या फडात रमले होते. पुढे अहिल्याबाई होळकरांच्या उपदेशाने त्यांना उपरती झाली. त्यांनी डफ फोडला आणि ते कीर्तनकार झाले, अशी ती कथा आहे. या कथेमुळे त्यांच्या कारकिर्दीचे दोन तुकडे पडतात. पहिला तुकडा शृंगाराचा व फडाचा, दुसरा उपदेशाचा व कीर्तनाचा. पहिला विसरण्याजोगा आणि दुसरा स्मरणीय, असा मूल्यनिर्णयही या विभागणीत गृहीत धरलेला असतो. ही विभागणी त्यांच्या रचनेच्या आणि ज्ञात कालक्रमाच्या कसोटीवर कितपत टिकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संगमनेर आणि ‘फंदी’ हे नाव

प्रवरा आणि म्हाळुंगी या नद्यांच्या संगमावर वसलेले संगमनेर हे पुणे–नाशिक मार्गावरील जुने बाजारपेठेचे गाव. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या वायव्य भागात ते येते. बाजारपेठ आणि जत्रा ही लोककलेची स्वाभाविक आश्रयस्थाने असतात. दरबारी आश्रय एखाद्याच कलावंताला लाभतो. फडाला मात्र रोजचा श्रोता लागतो आणि तो बाजाराच्या गावी मिळतो. शेजारच्या सिन्नर तालुक्यातील बावी हे शाहीर परशराम यांचे गाव होय. पुण्यापासून दूर असलेल्या या एकाच टापूत पेशवाईतील दोन प्रमुख शाहीर व्हावेत, ही गोष्ट या दृष्टीने लक्षणीय आहे. शाहिरीचा विचार केवळ पुण्याच्या विलासी दरबाराशी जोडून करण्याची जी प्रथा आहे, ती यामुळे अपुरी वाटते.

अनंत फंदी यांचे मूळ आडनाव घोलप. ते ब्राह्मण घराण्यात जन्मले. ‘फंदी’ हे नाव त्यांना मलिक फंदी नावाच्या मुसलमान फकिराच्या सहवासातून मिळाले, असे चरित्रकार सांगतात. ‘फंद’ म्हणजे नाद, छंद, प्रसंगी भानगड. लौकिक चाकोरी सोडून स्वतःच्या नादात राहणारा तो फंदी. हे नाव कुणी आदराने दिलेले नाही. त्यात चेष्टेचा आणि किंचित निंदेचाही सूर आहे. घोलप कुळातील एका ब्राह्मण तरुणाने ते आपले म्हणून स्वीकारले आणि रचनेच्या अखेरीस येणाऱ्या नाममुद्रेत मिरवले.

शाहिरी रचनेत नाममुद्रेला विशेष महत्त्व असते. ही रचना मौखिक परंपरेने चालते. ती एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते, एका फडाकडून दुसऱ्या फडाकडे जाते. या प्रवासात कर्तृत्वाची एकमेव खूण म्हणजे शेवटच्या कडव्यात गुंफलेले नाव. मुद्रा ही एका अर्थी शाहिराची सही होय. तेव्हा अनंत फंदी यांनी सहीसाठी कोणते नाव निवडले, हा प्रश्न केवळ चरित्राचा उरत नाही, वाङ्मयीन ठरतो. त्यांनी कुळाचे नाव निवडले नाही, गावाचे निवडले नाही, गुरुपरंपरेचेही निवडले नाही. फडातील सोबत्याचे नाव निवडले. इतकेच नव्हे, तर त्यांचा मुलगाही शाहीर झाला आणि ‘सवाई फंदी’ म्हणून ओळखला गेला. ‘सवाई’ हे विशेषण पित्याहून सरस असल्याचे सुचवते. पण सरस कशात, तर फंदीपणात. ज्या नावाची लाज वाटावी अशी अपेक्षा होती, ते नाव घराण्याची प्रतिष्ठा बनले.

डफ फोडल्याची कथा

परंपरेने सांगितलेली कथा थोडक्यात अशी आहे. अनंत फंदी आपला फड घेऊन अहिल्याबाई होळकरांच्या राज्यात गेले. त्यांची कवित्वशक्ती पाहून अहिल्याबाई प्रसन्न झाल्या. परंतु ब्राह्मणाने अशा शक्तीचा उपयोग तमाशात करावा हे त्यांना रुचले नाही. त्यांनी तसे सांगताच फंदींनी डफ फोडून टाकला आणि तेव्हापासून ते कीर्तन करू लागले.

या कथेत काही तथ्य असणे अशक्य नाही. फंदी कीर्तन करीत हे चरित्रकारांनी एकमुखाने सांगितले आहे. अहिल्याबाईंच्या दानशूरपणामुळे दूरदूरचे गुणिजन महेश्वरकडे ओढले जात, हेही सर्वज्ञात आहे. अहिल्याबाईंचे जन्मगाव चोंडी हे जामखेड तालुक्यात, म्हणजे आजच्या त्याच जिल्ह्यात येते. २०२४ मध्ये या जिल्ह्याला त्यांचेच नाव देण्यात आले. कथा खरी असो वा नसो, ती सांगणाऱ्यांनी या भूमीतील दोन थोर व्यक्तींना एका प्रसंगात एकत्र आणले, हे तिच्या लोकप्रियतेचे एक कारण असावे.

परंतु वाङ्मयाच्या अभ्यासकाने येथे एका गोष्टीची नोंद घ्यायला हवी. अशीच कथा सोलापूरच्या राम जोशी यांच्याविषयीही सांगितली जाते. तेही ब्राह्मण, तेही फडात रमलेले, तेही पुढे कीर्तनाकडे वळलेले. आणि त्यांच्या कथेत मोरोपंतांचा संबंध येतो. ‘लोकशाहीर रामजोशी’ या १९४७ च्या चित्रपटाने ही कथा घरोघरी पोहोचवली. होनाजी हे गवळी, परशराम हे शिंपी, सगनभाऊ हे मुसलमान शिकलगार. यांच्याविषयी अशी उपरतीची कथा त्या प्रमाणात रूढ झालेली दिसत नाही. परशराम यांची रचना तर शृंगाराइतकीच भक्तीनेही भरलेली आहे. तरीही भक्तीकडे येण्यासाठी त्यांना डफ फोडावा लागल्याचे परंपरा सांगत नाही. प्रभाकर हे ब्राह्मण खरे, पण ते मुख्यतः गंगू हैबती यांच्या फडासाठी रचना करीत. लेखणी त्यांची, डफ दुसऱ्याचा. त्यामुळे त्यांनाही उपरतीची गरज पडली नाही.

यावरून कथेचे कार्य स्पष्ट होते. जो ब्राह्मण स्वतः फडात उभा राहून गातो, त्याच्या बाबतीतच ही कथा उगवते. पांढरपेशा समाजाला त्या शाहिराचे कवित्व तर हवे असते, पण त्याने डफ हाती घेऊन मलिकासारख्या सोबत्याबरोबर गावे हे पचत नाही. उपरतीची कथा ही अडचण दूर करते. कवी राखला जातो आणि फड वजा केला जातो. कथेची सत्यता वा असत्यता हा इतिहासाचा प्रश्न आहे; तिने वाङ्मयाच्या आकलनावर जो परिणाम केला तो मात्र निश्चितपणे तपासता येतो.

कालक्रमाची साक्ष

अहिल्याबाई होळकर यांचा कारभार १७६७ मध्ये सुरू झाला आणि १३ ऑगस्ट १७९५ रोजी त्यांचे निधन झाले. म्हणजे कथेतील भेट झाली असेल तर ती या दोन वर्षांच्या दरम्यानच झाली असली पाहिजे. अनंत फंदी यांचे वय १७६७ मध्ये २३ आणि १७९५ मध्ये ५१ होते. उपरतीची शेवटची शक्य तारीख अशा रीतीने निश्चित होते. आता त्यांच्या रचनेपैकी ज्यांचा काळ आतील घटनेवरून ठरवता येतो अशा रचना या तारखेच्या कोणत्या बाजूला पडतात, हे पाहणे उचित ठरेल. लावण्यांत कालदर्शक घटना नसतात, म्हणून त्यांचा येथे उपयोग नाही. पोवाडा आणि चरित्रपर काव्य मात्र घटनेला बांधलेले असते.

पहिली रचना खर्ड्याच्या लढाईवरील पोवाड्याची. खर्डा हेही जामखेड तालुक्यातच येते. ११ मार्च १७९५ रोजी येथे निजाम अलीचा पराभव झाला. शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन असे मराठी सरदार पेशव्यांच्या झेंड्याखाली एकत्र लढल्याचा हा अखेरचा मोठा प्रसंग. तरुण पेशवे सवाई माधवराव स्वतः मोहिमेवर होते. हा पोवाडा मार्च १७९५ च्या अगोदर रचला जाणे शक्यच नाही. अहिल्याबाईंच्या निधनाला तेव्हा केवळ पाच महिने उरले होते. या पाच महिन्यांत पोवाडा रचून मग फंदी महेश्वरला गेले, असे मानले तरच तो उपरतीपूर्वीचा ठरतो.

दुसरी रचना ‘माधवनिधन’ ही ओवीबद्ध. सवाई माधवराव शनिवारवाड्यात २५ ऑक्टोबर १७९५ रोजी पडून जखमी झाले आणि २७ ऑक्टोबर रोजी मृत्यू पावले. वय अवघे २१. अहिल्याबाई तोवर निवर्तल्या होत्या. एकाच वर्षातील दोन घटनांसाठी फंदींनी दोन निराळे रचनाप्रकार वापरले, हे येथे महत्त्वाचे आहे. विजयासाठी पोवाडा आणि मृत्यूसाठी ओवी. पोवाडा उभ्या समुदायापुढे डफाच्या तालावर गायचा. ओवी बसलेल्या श्रोत्यांपुढे संथपणे वाचायची. विषयाने आणि श्रोत्याने रूप ठरवले आहे. कवीच्या आयुष्यातील एखाद्या कायमच्या वळणाने ते ठरवलेले दिसत नाही.

तिसरी रचना यशवंतराव होळकर यांच्यावरील पोवाड्याची. तुकोजी होळकरांचे निधन ऑगस्ट १७९७ मध्ये झाले आणि त्यानंतरच्या वारसाकलहातून यशवंतरावांचा उदय झाला. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या लढाईत त्यांनी शिंदे व पेशवे यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. यशवंतरावांवरील पोवाडा हा त्यामुळे निःसंशयपणे अहिल्याबाईंच्या निधनानंतरचा आहे. म्हणजे ज्या रचनाप्रकाराला डफ अपरिहार्य, तो रचनाप्रकार फंदींनी कथित उपरतीनंतरही हाताळला.

यावर असा आक्षेप घेता येईल की पोवाडा हा वीररसाचा, प्रतिष्ठित प्रकार आहे. उपरती झाली ती शृंगारिक लावणीपासून. आक्षेपात तथ्यांश आहे. पण कथा लावणी सोडल्याची नाही, डफ फोडल्याची आहे. आणि डफ-तुणतुण्याची साथ ही लावणी व पोवाडा या दोहोंना समान आहे. लावणी आणि पोवाडा यांची ‘हलकी’ व ‘भारदस्त’ अशी प्रतवारी मुख्यतः छापील संग्रहांच्या काळात दृढ झाली. १८९१ मध्ये ॲक्वर्थ व शालिग्राम यांनी ‘इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे’ हा संग्रह प्रसिद्ध केला तेव्हा पोवाड्याला इतिहासाचे साधन म्हणून प्रतिष्ठा मिळाली. लावणीच्या वाट्याला ती यायला बराच काळ जावा लागला. म. वा. धोंड यांचे ‘मऱ्हाटी लावणी’ आणि य. न. केळकर यांचे ‘अंधारातील लावण्या’ ही पुस्तके १९५६ मधील. ‘अंधारातील’ हा शब्दच पुरेसा बोलका आहे. फडात मात्र गण, गौळण, लावणी, सवाल-जबाब आणि पोवाडा हे एकाच रात्रीचे भाग असत आणि एकच शाहीर ते सादर करी.

फटक्याची घडण

अनंत फंदी यांच्या कारकिर्दीच्या सलगतेचा सर्वांत बळकट पुरावा त्यांच्या सर्वाधिक प्रसिद्ध रचनेतच आहे. फटका हा काव्यप्रकार त्यांनी रूढ केला असे मानले जाते. फटका म्हणजे तडाखा. नावातच अंगावर बसणाऱ्या आघाताची कल्पना आहे. उपदेशपर रचना मराठीत नवी नव्हती. संतांचे अभंग होते, रामदासांचे श्लोक होते. मग फटक्याने वेगळे काय केले, हा प्रश्न विचारणे आवश्यक आहे.

प्रथम लयीचा विचार करू. या फटक्याची ओळ आठ मात्रांच्या आवर्तनांत चालते. ही चाल डफाच्या ठेक्याला अगदी सहज बसते. ओळीच्या अखेरीस ‘नको’ हा नकारार्थी शब्द पुनःपुन्हा येतो आणि प्रत्येक वेळी त्यावर आघात होतो. मधूनच लहान लहान, अंत्ययमकाने बांधलेले तुकडे एकामागोमाग एक येतात. त्यांमुळे लय एकदम जलद होते आणि पुन्हा लांब ओळीवर स्थिरावते. लांब ओळ, मग तुकड्यांची झड, मग पुन्हा लांब ओळ, ही रचनापद्धती लावणीची आणि कटावाची आहे. श्लोकाच्या वा अभंगाच्या वळणाने ती आलेली नाही. प्रत्येक ओळीचा शेवट इतका ठरलेला आहे की श्रोता दुसऱ्या-तिसऱ्या ओळीपासूनच तो शब्द उच्चारू लागतो. फडात झीलकरी जे काम करतात ते येथे श्रोत्याकडे सोपवले आहे.

दुसरा मुद्दा संबोधनाचा. फटक्यातील ‘तू’ हा मुमुक्षू नाही. तो संसारी गृहस्थ आहे. घरात बसायचे सोडून उगाच भटकणारा, आईबापांवर रुसणारा, व्यवहारात फसणारा, परक्याच्या ठेव्यावर डोळा ठेवणारा, स्वतःला शहाणा व धनाढ्य समजणारा असा तो आहे. कष्टाची भाजीभाकरी ही चोरीच्या तूपसाखरेपेक्षा बरी, हे त्याला सांगितले जाते. गाठीला पैसा असेल तर तो साठवावा आणि चांगल्या कामात खर्च करावा, असाही सल्ला आहे. ही सारी सूचनावली बाजारपेठेच्या गावातील माणसासाठी आहे. तिच्यात संसार सोडण्याची भाषा नाही, तो नीट करण्याची आहे. हरिभजनाचा उल्लेख येतो, परंतु तो अखेरीकडे आणि इतर अनेक सूचनांपैकी एक म्हणून. कीर्तनातील पूर्वरंगाचे तत्त्वनिरूपण आणि फडातील श्रोत्याशी चालणारी सलगीची थट्टा यांचा येथे मिलाफ झाला आहे.

तिसरा मुद्दा अधिकाराचा. उपदेश करणाऱ्याला काहीतरी अधिकार लागतो. संताला तो अनुभूतीने मिळतो, पंडिताला शास्त्राने. फटक्यातील वक्त्याजवळ यांपैकी काहीच नाही. त्याच्याजवळ आहे ते फक्त जग पाहिल्याचे भांडवल. आडवाटांची ओळख असलेला माणूसच त्या वाटांविषयी सांगू शकतो. फंदी हे नाव धारण करणाऱ्याने सरळ मार्गाचा उपदेश करावा यात एक विनोद आहे, आणि त्या काळच्या श्रोत्याला तो निश्चितच जाणवत असणार. आज पाठ्यपुस्तकात वाचणाऱ्या मुलाला तो जाणवत नाही, कारण त्याला ‘फंदी’ हे केवळ आडनाव वाटते. उपदेश उरला आणि उपदेशकाच्या चेहऱ्यावरचे स्मित पुसले गेले.

चौथा मुद्दा शेवटाचा. हा फटका संपतो तो वाद्याच्या प्रतिमेने. सत्कीर्तीची नौबत झडू लागली की मग कसलीच शंका उरणार नाही, अशा आशयाचे ते समापन आहे. उपदेशाचे फळ येथे मोक्ष असे सांगितलेले नाही, पुण्य असेही सांगितलेले नाही. ते फळ चारचौघांत ऐकू येणारा डंका हे आहे. डफ फोडला असे ज्यांच्याविषयी सांगतात, त्या कवीला चांगल्या आयुष्याचे अंतिम रूप सुचले ते चामड्याच्या वाद्याच्या नादाचे. कलावंत साथीचे वाद्य खाली ठेवू शकतो. त्याच्या कल्पनाशक्तीतून ते जात नाही.

होनाजींनी अनंत फंदी यांच्या कवित्वाचा गौरव केल्याचे परंपरा सांगते. व्यवसायाने प्रतिस्पर्धी असलेल्या शाहिराने केलेला हा गौरव शाहीर म्हणून आहे, उपदेशक म्हणून नव्हे, हेही या संदर्भात लक्षात घ्यावे लागते.

फटक्याचा वारसा

अनंत फंदी यांचे निधन १८१९ मध्ये, पेशवाई बुडाल्यानंतर एका वर्षाने झाले. ज्या श्रोतृवर्गासाठी फड उभे राहत तो वर्ग विस्कळीत झाला. पण फटका टिकला. त्याचे कारण त्याच्या अंगभूत सार्वजनिकतेत आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस, स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवाच्या सुमारास, कुसुमाग्रजांनी ‘स्वातंत्र्यदेवतेची विनवणी’ या कवितेसाठी हेच रूप निवडले. अनंत फंदी यांच्या फटक्यात ‘नको’ आहे, कुसुमाग्रजांच्या कवितेत ‘नका’ आहे. एका गृहस्थाला उद्देशून वापरलेले एकवचन येथे संपूर्ण समाजाला उद्देशून वापरलेल्या अनेकवचनात बदलते. दोनशे वर्षांच्या अंतराने एका थोर आधुनिक कवीला नागरिकांना खडसावण्यासाठी शाहिराचेच रूप जवळचे वाटावे, ही फटक्याच्या सामर्थ्याची पावती होय. वृत्तबद्ध सुभाषिताने वा अभंगाने हे काम अशा रीतीने साधले नसते. त्यासाठी समुदायापुढे उभे राहून बोलणारा आवाज हवा होता, आणि तो फडात घडलेला होता.

संगमनेरमध्ये ही परंपरा दोन रूपांनी जिवंत राहिली आहे. एका बाजूला ‘कवी अनंत फंदी व्याख्यानमाला’ ही गावाची वैचारिक ओळख बनली. दुसऱ्या बाजूला तमाशासम्राज्ञी कांताबाई सातारकर (निधन २०२१) यांच्या फडामुळे संगमनेरचे नाव तमाशाच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले. व्याख्यानमालेच्या नावात ‘कवी’ हे बिरुद आहे, ‘शाहीर’ हे नाही. निवड आदराने केलेली आहे यात शंका नाही. तरीही व्याख्यानपीठ आणि तमाशाचा फड या एकाच गावातील दोन परंपरा अनंत फंदी यांच्या ठिकाणी एकत्र होत्या, याचे स्मरण त्या बिरुदाने होत नाही. व्याख्यानमालेचा श्रोता आणि फडाचा प्रेक्षक हे एकाच कवीचे वारस आहेत.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१. अनंत फंदी यांच्या कारकिर्दीचे उपरतीपूर्व व उपरतीनंतर असे दोन भाग पाडण्यास त्यांच्या काळनिश्चित रचनांचा आधार मिळत नाही. यशवंतराव होळकरांवरील पोवाडा अहिल्याबाईंच्या निधनानंतरचा आहे.

२. डफ फोडल्याच्या कथेचे साम्य राम जोशी यांच्या कथेशी आहे. फडात स्वतः उभ्या राहणाऱ्या ब्राह्मण शाहिरांच्या बाबतीत ही कथा रूढ झाली. तिच्यामागे तत्कालीन व उत्तरकालीन समाजाची प्रतिष्ठेविषयीची चिंता दिसते.

३. फटका हा उपदेशपर असला तरी त्याची लय, तुकड्यांची मांडणी, आवर्ती शेवट आणि संबोधन ही फडाची देणगी आहे. कीर्तनाने त्याला विषय दिला, तमाशाने शरीर दिले.

४. ‘फंदी’ हे मलिक यांच्याकडून आलेले नाव अनंत फंदी यांनी नाममुद्रेत कायम ठेवले आणि पुढच्या पिढीनेही ते चालवले. एका फकिराशी असलेल्या या सोबतीला चरित्रातील तारुण्याची चूक म्हणून बाजूला सारता येणार नाही. ती त्यांच्या वाङ्मयीन ओळखीच्या केंद्रस्थानी आहे.

पाठ्यपुस्तकात फटका शिकवताना कवीच्या नावाचा अर्थ सांगितला, त्या नावामागच्या मैत्रीचा उल्लेख केला आणि तो फटका डफाच्या ठेक्यावर म्हणून दाखवला, तर विद्यार्थ्यांना केवळ एक उपदेश मिळणार नाही, एक शाहीर भेटेल. लावणी, पोवाडा, ओवी आणि फटका या चारही प्रकारांत सारख्याच अधिकाराने वावरणाऱ्या या संगमनेरकर शाहिराचे मूल्यमापन यापुढे त्याच्या संपूर्ण रचनेच्या आधारे होणे गरजेचे आहे.